ढोल पथकात पैशाचा खोटा आरोप झाला. आता बैठक घ्यावी तर कशी? (नागपूर)

सरावमैदान

नमस्कार मंडळी. दक्षिण नागपुरातल्या एका ढोल-ताशा पथकाबद्दल विचारायचं आहे. ६२ वादक, त्यात २३ मुली, वयं १६ ते ३५.

मार्चमध्ये पथकप्रमुखांनी मुख्य व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, "पानांचे १८,४०० रुपये कुठे गेले ते हिशेब ठेवणाऱ्यांनाच विचारा, त्यांच्याच घरी गेले असतील." (पानं म्हणजे ढोलाच्या तोंडावर ताणून बसवायचे पडदे.) हिशेबाची वही पथकातल्या एका मुलीकडे असते, हे लहान पोरांनाही माहीत आहे. दोन दिवसांत तो मेसेज आणखी दोन पथकांच्या ग्रुपवर फिरला आणि त्या मुलीच्या वस्तीच्या ग्रुपवरही पोहोचला. आठवड्याभराने दुकानदाराचं बिल सापडलं. रक्कम पानं आणि दोरीसाठी ॲडव्हान्स दिलेली होती, तीही प्रमुखांनीच सांगितल्यावरून. प्रमुखांनी तिला फोन करून "सॉरी, गैरसमज झाला" म्हटलं. ग्रुपवर मात्र एक ओळ नाही. तिने वही आणि ढोल ठेवायच्या खोलीची किल्ली परत केली. तिच्यासोबत नऊ मुलींनी येणं बंद केलं.

जूनच्या शेवटी सराव सुरू होतो. कार्यकारिणीचं म्हणणं, सगळ्यांना मैदानावर बसवा, दोघांना हात मिळवायला लावा, विषय संपवा. हे मनाला पटत नाही. रिस्टोरेटिव्ह पद्धतीची, म्हणजे गोलात बसून झालेलं नुकसान भरून काढणारी बैठक असते असं वाचलं आहे. ती कोणी चालवायची, किती जण बसवायचे, काय विचारायचं आणि शेवटी कागदावर काय उतरवायचं? ज्यांना प्रत्यक्ष पद्धत माहीत आहे त्यांनी कृपया तपशिलात सांगा.

मध्यस्थ_धरमपेठ

हात मिळवायला लावू नका, हे आधी. ६२ जणांसमोर त्यांनी हात पुढे केला की तिला तो धरावाच लागतो, नाही धरला तर ती ताणून धरणारी ठरते. आरोप केला त्यांनी आणि कसोटी लागते तिची.

दुसरं, बैठक ही शेवटची पायरी आहे. सगळं काम दहा तासांचं धरलं तर सात तास आधीच्या भेटींतच जायला हवेत. मंडळं इथेच घाई करतात आणि मग "आम्ही करून पाहिलं, काही उपयोग नाही" म्हणतात.

सुरुवात कागदांपासून करा. गोलात बसून खरं-खोटं ठरत नाही, ठरवायला गेलात तर बैठकीचं कोर्ट होतं. कुठल्याही बाजूचे नसलेले दोघे जण पासबुक, यूपीआयची नोंद आणि दुकानदाराचं बिल समोर ठेवून अर्ध्या पानाचं टिपण करतील. कोणत्या तारखेला किती दिले, कोणाच्या सांगण्यावरून दिले, मेसेज कधी पडला, कुठे कुठे गेला. ते टिपण तिला आणि प्रमुखांना वेगवेगळं दाखवा. दोघांनाही ते मान्य झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

चालवणारे दोन जण हवेत, त्यातली एक बाई. कार्यकारिणीतले नकोत, प्रमुखांच्या हाताखाली वाजवणारे नकोत, तिच्या मैत्रिणी नकोत. एखादं वजनदार माणूस बोलवायचा मोह होतो, माजी अध्यक्ष किंवा नगरसेवक. बोलवू नका. त्यांना निवाडा देण्यासाठीच बोलावतात आणि ते निवाडाच देतात. इथे चालवणाऱ्याने मत द्यायचं नसतं, बोलण्याचा क्रम आणि वेळ सांभाळायची असते.

मग एकेकट्याची भेट. पहिली कोणाची, यावर या क्षेत्रात दोन मतं आहेत. बरेच जण आधी ज्याच्याकडून चूक झाली त्याला भेटतात, कारण तो कबूलच करत नसेल तर दुखावलेल्या माणसाला उगाच आशा लावू नये. तुमच्याकडे तिने वही परत करून आपलं म्हणणं आधीच सांगितलं आहे, म्हणून आधी तिच्याकडे जा. तासभर द्या, आणि अशा दोन भेटी तरी हव्यात. तिला विचारायचं ते एवढंच: काय झालं, सगळ्यात जड काय गेलं, कोणाकोणापर्यंत ते पोहोचलं, आता काय झालं तर फरक पडेल, समोर बसायचं आहे का, सोबत कोण हवं. तिला माफी हवी आहे असं सगळे धरून चालतात. खरी खंत वेगळीच असू शकते, उदाहरणार्थ वस्तीच्या ग्रुपवर आईनेही तो मेसेज वाचला, ही. आणि तिने "मला त्यांच्यासमोर बसायचं नाही" म्हटलं तर तिथेच थांबा. बैठक झाली नाही तरी आरोप मागे घेण्याचं काम सुटत नाही, हे प्रमुखांनाही आधीच सांगून ठेवा.

प्रमुखांच्या भेटीत एकच गोष्ट नीट ऐका, वाक्यात कर्ता आहे की नाही. "गैरसमज झाला" या वाक्यात कोणी काही केलेलंच नाही, पाऊस पडावा तसा तो आपोआप झाला. "मी बिल न तपासता लिहिलं आणि नंतर कळल्यावरही ग्रुपवर दुरुस्त केलं नाही" या वाक्यात माणूस उभा आहे. दुसऱ्या भेटीपर्यंत असं वाक्य त्यांचं त्यांनी म्हणायला हवं. आपण पढवून द्यायचं नाही, पढवलेलं लगेच ओळखू येतं. तोपर्यंत बैठक ठरवू नका. त्यांनाही धास्ती असणार, इतकी वर्षं पथक उभं केलं आणि आता पोरांसमोर मान खाली. ती धास्ती या खासगी भेटीत बोलून मोकळी होऊ द्या, नाहीतर ती बैठकीत राग होऊन बाहेर पडते.

गोलात दहा जण पुरेत. चालवणारे दोन, ती आणि तिचे दोघे, प्रमुख आणि त्यांचा एक, येणं बंद केलेल्यांपैकी एक, आणि दोन साधे वादक ज्यांना पथक टिकावंसं वाटतं. १८ च्या आतल्यांना बसवू नका. वेळेचा हिशेब असा: दहा जण, प्रत्येकाला तीन मिनिटं, म्हणजे एका फेरीला अर्धा तास. चार फेऱ्यांचे दोन तास आणि कागद लिहायला अर्धा तास. यापेक्षा जास्त माणसं घेतली तर शेवटच्या फेरीपर्यंत सगळे थकतात, आणि ठरवायचं नेमकं तेव्हाच असतं.

जागा सरावाच्या मैदानावरची नको, प्रमुखांच्या घरची नको. शाळेचा वर्ग किंवा वाचनालयाची खोली चालेल. खुर्च्या एकसारख्या, मध्ये टेबल नाही, कोणी कठड्यावर बसणार नाही. जूनमधलं नागपूर आहे, संध्याकाळी बैठक ठेवलीत तर कूलर लावावाच लागेल, आणि चालू कूलरसमोर हळू बोललेलं ऐकू येत नाही. दुखावलेलं माणूस बहुधा हळूच बोलतं. "काय? जरा जोरात!" असं तिला एकदा म्हटलं की ती पुढचं गिळून टाकते. म्हणून रविवारी सकाळी सातला बसा आणि सुरुवातीपूर्वी कूलर बंद करा. चहा-पोहे नंतर. आधी ठेवले तर दारातच दोन घोळके होतात.

हातात फिरवायची एक वस्तू ठेवा. ती ज्याच्या हातात, तोच बोलेल, बाकी ऐकतील, आणि नको असेल तर न बोलता पुढे देता येईल. पथक म्हणून टिपरू, म्हणजे ढोल वाजवायची काठी, सुचेल, पण टिपरू हातात आलं की पोरं मांडीवर ठेका धरतात. त्यापेक्षा ढोल कसायच्या दोरीचा वीतभर तुकडा घ्या, टोकाला गाठ मारलेला. बोटांना चाळा मिळतो आणि आवाज होत नाही.

पहिली फेरी सोपी, पथकात काय जपावंसं वाटतं. दुसरी, काय झालं आणि त्या वेळी मनात काय चाललं होतं. इथे सुरुवात प्रमुखांनी करायची की तिने, हे तिलाच आधी विचारा. तिसरी, कोणावर काय परिणाम झाला. चौथी, नीट होण्यासाठी काय लागेल. "का केलं?" हा प्रश्न विचारूच नका, त्याने माणूस सफाई द्यायला लागतो. "त्या वेळी काय विचार होता?" असं विचारलं की तोच माणूस आठवायला लागतो.

सगळ्यात मोठा धोका तिसऱ्या फेरीत. तिथे जुनं सगळं निघतं: मागच्या वर्षी सुपारीचे, म्हणजे ठरवून घेतलेल्या वादनाचे, पैसे उशिरा मिळाले, ध्वज कोणाला दिला, अमक्याला पुढच्या रांगेत का घेतलं. पोळ्याच्या पाडव्याला आपण बडग्याच्या पुतळ्यावर गावभराची ईडा-पीडा लादून त्याला बाहेर नेतो. तसा एका माणसाचा बडग्या इथे होता कामा नये. चालवणाऱ्याने त्या तक्रारी वेगळ्या कागदावर लिहून घ्यायच्या, "यासाठी वेगळी बैठक" म्हणायचं आणि दोरी पुढे द्यायची.

कोणी रडलं तर पाणी द्या आणि थांबा, समजूत घालायला धावू नका. ती उठून गेली तर तिच्यासोबतचं माणूस जाईल आणि बैठक दहा मिनिटं बंद राहील. तिच्या मागे एक शब्दही पुढे सरकता कामा नये. आणि "मग आता माफ केलं ना?" हे वाक्य कोणाच्याही तोंडून निघणार नाही, असं सगळ्यांना आधी सांगा. माफ करायचं की नाही आणि कधी, ते तिचं आहे.

वकील_सिव्हिललाइन्स

वरचं सगळं योग्य आहे. कायद्याच्या बाजूने काही गोष्टी सांगतो, कारण भल्या हेतूने बसलेली मंडळी इथेच अडकतात.

त्या मुलीकडून "मी पोलिसांत किंवा कोर्टात जाणार नाही" असं काही लिहून घेऊ नका. अशा लिखाणावर कायद्यात विसंबता येत नाही, आणि तिच्यावर दबाव होता एवढंच त्यातून दिसतं. बदनामीचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे, शिक्षा दोन वर्षांपर्यंत, आणि तिला तक्रारीसाठी तीन वर्षांची मुदत आहे. तो आपसांत मिटवता येण्यासारखा गुन्हा आहे, म्हणून बैठकीला अडचण नाही. पण बैठक झाली म्हणून तिचा तो मार्ग बंद झाला असं कोणी तिला सांगू नये. सल्ला हवा असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जाता येईल. महिलांना तिथे उत्पन्न न पाहता मोफत मदत मिळते.

काही विषय गोलात आणायचेच नसतात. १६-१७ वर्षांची मुलं-मुली तुमच्याकडे आहेत. त्यांच्याबाबत लैंगिक स्वरूपाचं काही कानावर आलं तर पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे आणि न कळवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. "आधी आपसांत बोलून पाहू" याला तिथे जागाच नाही. प्रौढ मुलीचा छळ असेल तर कामाच्या ठिकाणासाठीचा २०१३ चा कायदा जे सांगतो ते तत्त्व म्हणून तरी पाळा: समेट फक्त तिने मागितला तर, आणि पैशाच्या आधारावर कधीच नाही. मेसेजमध्ये किंवा नंतरच्या बोलाचालीत जातीवरून काही बोललं गेलं असेल तर तो ॲट्रॉसिटीचा विषय होऊ शकतो. कार्यकारिणीने त्यावर पांघरूण घालायला जाऊ नये.

आणखी एक. दंड लावणं, "यांच्याशी कोणी बोलायचं नाही" असं ठरवणं, उठाबशा, नाक घासून माफी, यातलं काहीही नको. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. तो जात, धर्म, पंथाच्या समूहांसाठी आहे, पथकाला थेट लागू होईलच असं नाही. पण जातपंचायतीच्या ज्या सवयींमुळे तो करावा लागला त्या कुठल्याही मंडळात शिरू शकतात.

इतिवृत्त लिहू नका. कोर्टाच्या मध्यस्थीला असतं तसं गोपनीयतेचं कवच अशा घरच्या बैठकीला आहे असं धरून चालू नका. लिहायचं ते फक्त काय ठरलं तेवढं. मोबाइल बाहेरच्या खोलीत एका टोपलीत.

सरावमैदान

दोघांचेही मनापासून आभार. दोन्ही भेटी झाल्या. ती बसायला तयार आहे. प्रमुखांनी दुसऱ्या भेटीत स्वतःहून "मी न पाहता लिहिलं" म्हटलं.

पण एक गाठ पडली आहे. प्रमुख म्हणतात, तिनेही किल्ली चार दिवस उशिरा दिली, त्यामुळे ढोल खोलीत अडकले आणि एका लग्नाची सुपारी गेली. म्हणून दोघांनी एकमेकांची माफी मागावी. कार्यकारिणीला हे बरोबरीचं वाटतं. एक पालक म्हणतात, गावाकडे तंटामुक्ती समिती करते तसं दोघांना थोडं थोडं मागे सरकवा.

विहार_वाचक

या मुद्द्यावर विनयपिटकातली, म्हणजे बौद्ध भिक्षूंच्या नियमांच्या ग्रंथातली, एक गोष्ट कामाची आहे. भिक्षुसंघातले वाद शमवायच्या सात रीती तिथे सांगितल्या आहेत. त्यातली एक तिणवत्थारक, म्हणजे गवताने झाकणं. दोन्ही गटांनी भांडणात इतकं काही बोलून-करून ठेवलं आहे की एकेक उकरत बसलं तर संघच फुटेल, अशा वेळी दोन्ही बाजू एकत्र जमतात, आपापल्या बाजूच्या चुका एकदम कबूल करतात आणि विषय झाकला जातो.

आपल्या मंडळांत "दोघांचंही थोडं थोडं चुकलं" हे वाक्य नेमकं हेच करतं. पण विनयात या रीतीला मर्यादा घातलेली आहे. गंभीर दोष तिच्यातून वगळलेले आहेत, आणि गृहस्थांशी संबंधित दोषही. शिवाय ती दोन्हीकडून चिखलफेक झालेल्या भांडणासाठी आहे. तुमच्याकडे एका बाजूने चोरीचा आळ घेतला गेला, जो खोटा निघाला. किल्ली उशिरा देणं ही त्यानंतरची, वेगळ्या मापाची गोष्ट आहे. दोन्ही एकाच गवताखाली झाकल्या तर वस्तीत निरोप जाईल, "काहीतरी तिचंही असेलच."

तंटामुक्ती मोहीम २००७ पासूनची आहे आणि गावातले वाद गावात मिटावेत यासाठी चांगली होती. पण तिथे तंटा मिटला की नाही हे मोजतात. तुम्हाला मोजायचं आहे ते तिचं नाव साफ झालं की नाही.

त्याच परंपरेतली दुसरी गोष्ट पथकाने दरवर्षी घ्यावी अशी आहे, ती पवारणा. वर्षावास, म्हणजे भिक्षूंचा पावसाळ्यातला एका जागचा मुक्काम, संपताना, आश्विन पौर्णिमेला, प्रत्येक भिक्षू स्वतःहून संघाला विनंती करतो की माझ्याबद्दल काही पाहिलं, ऐकलं किंवा शंका आली असेल तर सांगा. ज्येष्ठही यातून सुटत नाहीत. विसर्जनानंतर आठ-दहा दिवसांनी पथकाच्या जबाबदारीच्या माणसांनी असं विचारायची रीत पाडली, आणि ती प्रमुखांपासून सुरू केली, तर मनात साचलेलं ग्रुपवर फुटणार नाही.

मध्यस्थ_धरमपेठ

किल्लीचा विषय पूर्ण वेगळा ठेवा. तो आधी किंवा त्याच दिवशी घेऊ नका. आरोप मागे घेतल्यावर दोन आठवड्यांनी, तिची तयारी असेल तर, तिघा-चौघांत अर्धा तास बसून किल्ली किती दिवसांत आणि कोणाकडे द्यायची याचा नियम करा. सुपारी गेली हे नुकसान खरं आहे, त्याला जागा मिळाली पाहिजे, पण आरोपाची वजावट म्हणून नाही. प्रमुखांना विचारायचं ते असं: "किल्ली वेळेवर मिळाली असती तर तो मेसेज खरा ठरला असता का?"

गोल हाच एकमेव आकार आहे असंही नाही. या कामाचा आधुनिक इतिहास ज्या घटनेपासून सांगतात ती कॅनडातल्या एल्मायरा गावची, १९७४ ची. दोन तरुणांनी एका रात्रीत २२ ठिकाणी मोडतोड केली. प्रोबेशन अधिकाऱ्याने त्यांना घरोघरी नेलं, समोरासमोर कबूल करायला आणि भरपाई ठरवायला. कुठेही सभा भरली नव्हती. तुमचा आरोपही तीन-चार ठिकाणी फिरला आहे, तर दुरुस्तीही तिथे तिथे पोहोचायला हवी.

म्हणून कागदावर पहिलं कलम मेसेजचं. मसुदा असा काहीतरी, शब्द प्रमुखांचे आणि शेवटची पसंती तिची:

"मार्चमध्ये मी या ग्रुपवर १८,४०० रुपयांबद्दल लिहिलं होतं. ते खोटं होतं. ती रक्कम मी सांगितल्यावरून पानं आणि दोरीसाठी दुकानदाराला ॲडव्हान्स दिली होती, बिल सोबत जोडलं आहे. मी न तपासता लिहिलं आणि खरं कळल्यावरही इथे दुरुस्त केलं नाही. हिशेबात एका रुपयाचीही गडबड नव्हती. ज्यांनी माझा मेसेज पुढे पाठवला त्यांनी हाही तिथे पाठवावा."

यात "कोणाला वाईट वाटलं असेल तर" नाही, "पण" नाही, आणि तिचं नाव तिला हवं असेल तरच. मुख्य ग्रुपवर तो ३० दिवस पिन करा, व्हॉट्सॲपवर तेवढी मुदत निवडता येते. दुसऱ्या दोन पथकांच्या प्रमुखांना फोन तुमच्याच प्रमुखांनी करायचा. वस्तीच्या ग्रुपवर टाकायचा की नाही, आणि कोणी टाकायचा, हे ती सांगेल. तिथे तो विषय पुन्हा निघणंच तिला नको असेल.

बाकीच्या प्रत्येक कलमात चार गोष्टी हव्यात: कोण, काय, कोणत्या तारखेपर्यंत, झालं की नाही हे कोण पाहणार. "यापुढे आदराने वागू" असलं कलम लिहू नका, ते पाळलं की मोडलं हे कोणालाच सांगता येत नाही. "पैशाबद्दलची शंका ग्रुपवर न टाकता ४८ तासांत वही पाहून विचारायची", हे तपासता येतं.

मेसेज पडल्यावर बाकीच्या सगळ्या वादकांना चार ओळींत कळवा की बैठक झाली आणि काय ठरलं. आत कोण काय बोललं ते नाही. पुढची विचारपूस दोन आठवड्यांनी, सहा आठवड्यांनी आणि विसर्जनानंतर, तिची वेगळी आणि प्रमुखांची वेगळी. ती परत वाजवायला आली नाही तर बैठक फसली असं धरू नका. त्या नऊ जणींनाही "आता या" असा आग्रह करू नका, तारीख कळवा आणि थांबा.

खजिनदार_महाल

हिशेबाची व्यवस्था तशीच ठेवली तर पुढच्या वर्षी दुसऱ्या कोणाच्या तरी घरावर हेच येईल. एका मुलीच्या फोनवर यूपीआय, तिच्याकडेच वही, तिच्याकडेच किल्ली, आणि खर्चाची परवानगी तोंडी. या तोंडी परवानगीनेच घोटाळा केला.

खातं दोघांच्या सहीचं करा. ५०० रुपयांवरच्या प्रत्येक खर्चाला आधी लिहिलेली परवानगी, ग्रुपवर नाही, वहीत, तारीख आणि सहीसह. ॲडव्हान्ससाठी वेगळा रकाना ठेवा: कोणाला दिला, माल कधी येणार, बिल कधी मिळालं. पानांचं असंच होतं, पैसे आधी जातात, माल पंधरा दिवसांनी येतो आणि बिल त्याच्याही नंतर, आणि मधल्या काळात वहीत खड्डा दिसतो. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सरावाआधी जमा, खर्च, शिल्लक आणि येणं बाकी, या चार ओळी फळ्यावर लिहा. ज्याच्याकडे वही त्याच्याकडे किल्ली नको.

आणि वही पुन्हा त्या मुलीकडे द्यायची असेल तर आधी तिला विचारा. नको म्हणाली तर कारण विचारू नका.

सरावमैदान

२१ जून रविवार आहे. वाचनालयाची खोली सकाळी साडेसहा ते दहा मिळाली. कूलरचं बटण दाराजवळच आहे, ते बंद करायचं काम माझ्याकडे घेतलं आहे. मसुदा तिला काल दाखवला. "एका रुपयाचीही" हे शब्द तसेच ठेवा म्हणाली.